पातळीची दांडी

“बाबा, एकदाच विचारते. आईला अजून कामाला बसवता ना?”

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. प्रश्न विचारणारी त्यांची मुलगी रुग्णालयात परिचारिका होती, आणि ‘गोळ्या घेतल्या का’ हे दिवसभर विचारून विचारून माणूस खोटे कधी बोलतो हे तिला चेहऱ्यावरून कळू लागले होते. म्हणून उत्तर देण्याआधी त्यांनी स्वतःचीच उलटतपासणी केली. बसवतो, हे खरे. पण कामाला नव्हे.

“बसते ती. पण नुसती पिशवी धरते गं. तीही डाव्या हाताने. बाकी सगळं मशीन करतं.”

“मग सूज का उतरत नाही?”

“ते डॉक्टरला विचार.”

“डॉक्टर मलाच विचारतायत! म्हणतात, हाताला आराम आहे असं तुम्ही सांगता, पण हात तसं सांगत नाही. अंगठ्याच्या बुडाचं मांस उतरत चाललंय. असंच चाललं तर पुढं ऑपरेशन करूनही बोटांत जीव येणार नाही.”

ज्या हाताबद्दल हे चालले होते तो मांडीवर ठेवून काकू शेजारीच स्टुलावर बसल्या होत्या. गल्लीतले सगळे त्यांना काकूच म्हणत.

“हात माझा आहे ना? मग मला विचारा की कुणीतरी.”

“तुला विचारलं की तू म्हणणार, ‘बरा आहे’. ताप चढला तरी तू बरी, पाय मुरगळला तरी तू बरी. लहानपणापासून ऐकतेय तुझं बरं.” मुलीने आईची पिशवी भरायला घेतली होती. “आठ दिवस माझ्याकडे चल. भांड्याला हात लावू देणार नाही.”

“आणि गव्हाच्या पिशव्या?” नवराबायको एकदम म्हणाले.

“मशीन करतं ना सगळं?”

“करतंच,” मिस्त्री म्हणाले.

काकू क्षणभर नवऱ्याकडे पाहत राहिल्या. “तसं नाही, पण तुम्हाला एकट्याला जमेल का?”

“मशीन मी बनवलं, आणि मलाच जमणार नाही?”

निघताना, चपला घालता घालता त्या एवढेच म्हणाल्या, “गहू तळाला आला की जरा लक्ष ठेवा.” मशीन रिकामेच फिरत राहील, अशी तिला काळजी वाटत असावी, असे मिस्त्रींनी गृहीत धरले. तिच्या यंत्रज्ञानाविषयी त्यांचे मत फारसे चांगले नव्हते.

*

मिस्त्रींचे आयुष्य पंप दुरुस्त करण्यात गेले होते. विहिरीचे, इमारतींचे, कारखान्यांचे. पाणी का चढत नाही, हे पाइपाला कान लावून सांगणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. त्या ख्यातीची किंमत म्हणून डाव्या कानाने बरेचसे काम बंद केले होते. पुढे बाजारात बंद डब्यांतले पंप आले. ते बिघडले की कुणी उघडत नसे. टाकून देत आणि नवा आणत. मिस्त्रींकडे कामे येईनाशी झाली. कुणी भांडले नाही, कुणी काढून टाकले नाही; नुसती धार बारीक होत होत थांबली. त्यानंतर ते बरेच महिने खिडकीपाशी बसून असत. काकूंनी चहा ठेवला की “ठेव” म्हणत आणि तो गार होई.

काकूंचे काम त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला चाले. धान्याच्या दुकानातून गव्हाची पोती येत. त्या गहू निवडून किलोकिलोच्या कागदी पिशव्या भरत आणि दुकानाची गाडी त्या घेऊन जाई. माप भरून पिशवी काट्यावर ठेवायची आणि काटा सरळ होईपर्यंत चिमटीने कमीजास्त करायचे. त्या चिमटीनेच शेवटी दावा साधला. अंगठा आणि दोन बोटे आधी झिणझिणली, मग बधिर झाली, मग रात्री जागवू लागली. डॉक्टरांनी सांगितले, चिमटीचे काम बंद. त्या दिवशी मिस्त्री खिडकीपासून उठले.

त्यांनी पत्र्याचे मोठे नरसाळे बनवले. त्याच्या तोंडाशी झडप बसवली. जुन्या पंपाच्या मोटरीवरून पट्टा घेऊन एक चाक फिरवले. चाकाच्या एका फेऱ्यात झडप एकदा उघडे, ठरावीक वेळ उघडी राही आणि मिटे. एक फेरा, एक पिशवी. इथवर कुणालाही सुचले असते. पण मिस्त्री मुरलेले होते. टाकी रिकामी होऊ लागली की नळाची धार मंदावते, हे त्यांना अंगणातल्या वाटेइतके पाठ होते. तेव्हा नरसाळे रिकामे होऊ लागले की गव्हाची धारही मंदावणार आणि शेवटच्या पिशव्या हलक्या भरणार. त्यावर त्यांनी आधीच तोड काढली. गव्हाच्या पृष्ठभागावर टेकलेली एक चकती, तिला जोडलेली दांडी, आणि दांडीचे दुसरे टोक झडपेला. गहू खाली जाईल तशी चकती खाली जाई आणि झडप थोडी अधिक उघडे. धार मंद, तर फट मोठी, हिशेब बरोबर. या पातळीच्या दांडीचा त्यांना इतका अभिमान होता की पाहायला येणाऱ्यांना ते आधी दांडी दाखवत आणि मग मशीन.

गव्हाची धूळ काकूंच्या छातीला सोसत नसे, म्हणून मिस्त्रींनी मध्ये ताडपत्रीचा आडपडदा लावला. मागे मिस्त्री, मोटर आणि पोती. पुढे काकू, झडपेखालून आलेली नळी आणि काटा. पहिल्या दिवशी मिस्त्री पडद्यामागून ओरडून विचारत, “किती?” आणि काकू सांगत, “बरोबर.” दुसरी पिशवी, “किती?” “बरोबर.” नरसाळे तळाला जाईपर्यंत सगळ्या पिशव्या बरोबर. मिस्त्रींनी पडद्यामागे एकट्यानेच टाळी वाजवली होती. ती टाळी पुढे ऐकू गेली असणार.

*

मुलगी आईला घेऊन गेल्यावर मिस्त्रींनी पडदा काढून टाकला. एकट्याला दोन्ही बाजू सांभाळायच्या होत्या. नरसाळे काठोकाठ भरले, मोटर चालू केली. पहिली पिशवी काट्यावर ठेवली: काटा सरळ. दुसरी सरळ. मिस्त्रींनी मनातल्या मनात मुलीला काही सुनावले.

पुढे काटा थोडा कलला. गहू जास्त होता. त्यानंतरची पिशवी आणखी जड. नरसाळे अर्ध्यावर आले तेव्हा पिशव्यांची तोंडे मिटेनाशी झाली आणि तळाला आले तेव्हा तर कागद टरकन फाटून गहू पायांवर आला.

त्यांनी मोटर बंद केली. बिघडलेल्या यंत्राची त्यांना भीती नव्हती; उलट बऱ्याच दिवसांत असा पाहुणा घरी आला नव्हता. पट्टा पाहिला. घट्ट. चाकाचा वेग घड्याळ लावून पाहिला. तोच. काटा खोटा दाखवत असेल म्हणून शेजारच्या घरून दुसरा आणला. दोघांचे एकमत निघाले. गहू ओला असेल म्हणून दाताखाली धरला. दाणा कट्कन मोडला. सगळे अवयव धडधाकट आणि रोगी आजारी! घोडे नेमके कुठे पेंड खाते आहे, ते कळेना.

गाडीवाला आला तेव्हा ते गव्हाच्या ढिगात बसले होते.

“काका, काकू कुठं गेल्या?”

“लेकीकडे. हात दाखवायला.”

गाडीवाल्याने पिशव्या उचलता उचलता दोन हातांत दोन तोलल्या. “आज हे काय? नाकापेक्षा मोती जड. ही फुगलेली, ही बरी. काकूंच्या पिशव्या कशा, डोळे मिटून लावाव्यात.”

“काकूंच्या नाहीत. मशीनच्या आहेत. मशीनच भरतं रोज.”

“हो का?” गाडीवाला हसला. “मग आज मशीनलापण लेकीकडे पाठवलंत वाटतं.”

जड पिशव्या मागे ठेवून तो गेल्यावरही ते वाक्य खोलीतच राहिले. मिस्त्रींचा हाताच्या गुणावर विश्वास नव्हता. एखाद्याच्या हातून रोपे जगतात, एखाद्याच्या हाताला चव असते, असे कुणी म्हणाले की ते विचारत, “आणि मेलेली रोपं कोण मोजतो?” बायको समोर बसली की यंत्र नीट चालते आणि ती गेली की बिघडते, हे विधान त्यांच्या दुकानात कधी गिऱ्हाइकाने केले असते तर त्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावले असते. आज ते विधान त्यांच्यापुढे पुराव्यासकट उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांना वाटले, दांडी कुठेतरी अडकत असावी आणि सुटताना हिसका देत असावी. तपासायला म्हणून त्यांनी ती काढली, झडपेची फट भरल्या नरसाळ्याच्या मापाला पक्की केली आणि पिशव्या हलक्या होत जातील तेव्हा किती होतात ते पाहू, असे ठरवले.

त्या हलक्या झाल्याच नाहीत.

भरलेल्या नरसाळ्यातून पडला तितकाच गहू अर्ध्या नरसाळ्यातून पडला आणि पाव नरसाळ्यातूनही. अगदी तळाचे चार दाणे सोडले तर धार तसूभरही मंदावली नाही. मिस्त्रींनी पुन्हा भरून पाहिले. पुन्हा तेच. मग त्यांनी दोन सारखे डबे घेतले आणि दोन्हींच्या बुडांना सारखी भोके पाडली. एकात पाणी ओतले, एकात गहू. पाण्याची धार आधी लांब पडली, मग जवळ, मग भोकाशीच ओघळली; ती त्यांची जुनी ओळखीची. गव्हाची धार मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच चालीने, पगारी नोकरासारखी पडत राहिली. वर ढीग किती आहे याच्याशी तिला काही देणेघेणे नव्हते.

हे कसे? त्यांनी नरसाळ्यात हात खुपसून पाहिला. दाणे एकमेकांवर रेलले होते, बाजूच्या पत्र्यावर टेकले होते. वरचा भार वाटेतच कुणाकुणाच्या खांद्यावर जात होता आणि भोकापाशी असलेल्या दाण्याला त्याची वार्ताही नव्हती. अंदाज पटण्यासारखा होता. पूर्ण पटला असे मात्र त्यांना म्हणवेना. जन्मभर पाण्याशी बोललेला माणूस त्याच भाषेत गव्हाशी बोलायला गेला होता आणि गव्हाने उत्तर दिले नव्हते, एवढे खरे. जी मंदावणारच नव्हती ती धार सांभाळायला त्यांनी फट मोठी करत नेली होती. पिशव्या जड करण्याचे यंत्र त्यांनी स्वतःच, मोठ्या हौसेने जोडले होते.

चूक सापडली की मिस्त्रींना नेहमी हलके वाटे. या वेळी तसे झाले नाही. एक प्रश्न सुटताच त्याच्या पोटातून दुसरा निघाला. दांडी पहिल्या दिवसापासून होती. म्हणजे पिशव्याही पहिल्या दिवसापासून जड पडत असणार. मग इतके महिने दुकानात गेलेल्या पिशव्या बरोबर कशा होत्या? सगळ्याच्या सगळ्या? कुठल्याही यंत्राचे काम इतके एकसारखे नसते. थोडे इकडे, थोडे तिकडे होतेच. एकही चूक न दाखवणाऱ्या मोजमापाबद्दल आधी मोजणाऱ्याला विचारावे, हे त्यांना तेव्हाच सुचायला हवे होते. त्यांनी विचारलेही होते; पण पडद्याआडून, आणि उत्तर आवडीचे आले तेव्हा टाळी वाजवली होती.

ते काकूंच्या स्टुलावर जाऊन बसले. पायाशी एक पत्र्याचा डबा असे, तो अजून तिथेच होता, अर्धा भरलेला. सांडलेले गहू ती त्यात गोळा करते, असे ते समजत होते. त्यांनी कालच्या जड पिशव्यांमधली एक काट्यावर ठेवली आणि अंगठा व दोन बोटांनी वरचा गहू काढून डब्यात टाकला. काटा हलला नाही. पुन्हा काढला. पुन्हा. शेवटची चिमूट बारीक घ्यावी लागली, नाहीतर काटा दुसरीकडे जाई. मग दुसरी पिशवी. मग तिसरी. ढिगाच्या निम्म्यावर आले तेव्हा त्यांच्या अंगठ्याच्या बुडाशी कळ उठली आणि मनगटापर्यंत गेली. ते हात झटकून बसून राहिले.

संध्याकाळी त्यांनी मुलीकडे फोन लावला. फोन काकूंनी घेतला.

“हात कसा आहे?”

“बरा आहे.”

“खरं सांग.”

“अहो, खरंच. सूज उतरलीय. रात्री झोप लागते.” मग थोड्या वेळाने, “पिशव्या कशा होतायत?”

“बरोबर,” मिस्त्री म्हणाले. म्हणजे आजपासून बरोबर, असे त्यांना म्हणायचे होते. पण ते फोनवर कसे सांगावे ते समजेना. पुरावा पूर्ण झाला होता आणि त्यांना राग आला आहे की लाज वाटते आहे, हे मात्र ठरवता येत नव्हते.

*

काकू परत आल्या त्या उजव्या मनगटाला पट्टी बांधून. ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरले होते. हाताला तोवर खरोखरीचा आराम मिळाला तर बोटे पुष्कळशी परत येतील, असे डॉक्टर म्हणाले होते. मुलीने दारातच बापाला बजावले, “आता तुम्ही आणि तुमचं मशीन,” आणि ती कामावर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू नेहमीसारख्या स्टुलावर बसल्या. “पडदा कुठाय?”

“काढला.”

“आणि तुमची ती दांडी?”

“तीपण.”

त्यांनी डाव्या हाताने रिकामी पिशवी नळीखाली धरली. मोटर सुरू झाली. पहिली पिशवी भरली, त्यांनी ती काट्यावर ठेवली, आणि पट्टीतून बाहेर आलेली बोटे आपणहून पिशवीच्या तोंडाकडे गेली. काटा सरळ होता. बोटे तिथेच थांबली. दुसरी पिशवी. काटा सरळ. नरसाळे अर्ध्यावर आले तेव्हा काकूंनी एकदा वर पाहिले, तळाला आले तेव्हा पाहिले नाही.

मिस्त्रींची अपेक्षा होती की ती हसेल. निदान ‘सुटले बाई’ म्हणेल. तसे काहीच झाले नाही.

“बरोबर आहे,” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी हात मांडीवर घेतला.

मिस्त्रींनी मोटर बंद केली. “सगळ्यांतून काढायचीस?”

“पहिल्या चार सोडून.”

“आणि मला म्हणायचीस, बरोबर.”

“होतंच की बरोबर. माझ्या हातून गेल्यावर.”

“अगं, पण सांगायचं ना! दोन मिनिटांचं काम होतं. दांडी काढली की झालं. तुझा हात…” त्यांचा आवाज चढला आणि मध्येच उतरला. “हात वाचवायला केलं होतं गं मी हे.”

“माहीत आहे.” काकूंनी पट्टीचे सुटलेले टोक आत खोचले. “तुम्ही टाळी वाजवलीत तेव्हा सांगणार होते. मग म्हटलं, जेवल्यावर सांगू. जेवताना तुम्ही दोनदा वाढून घेतलंत. इतक्या महिन्यांनी. मग कसं सांगायचं?”

“दुसऱ्या दिवशी सांगायचं.”

“दुसऱ्या दिवशी तुम्ही शेजाऱ्यांना बोलावलंत, दांडी बघायला.”

हे खरे होते. 

“आणि एक सांगू?” काकू काट्याकडे पाहत म्हणाल्या. “मला वाईट नव्हतं वाटत त्याचं. दुखायचं, पण वाईट नव्हतं वाटत. वाटायचं, एवढं लोखंड आणून लावलं तरी शेवटची चिमूट माझीच. आता धरायची पिशवी. ते काय, खिळ्यालाही अडकवता येईल.”

त्या उठून आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज आला नाही, पाण्याचा आला नाही. काही करायला गेलेल्या माणसाचा आवाज होतो. तो झाला नाही.

मिस्त्री यंत्रापुढे उभे राहिले. धार एकसारखी पडू लागली होती, पिशव्या बरोबर होऊ लागल्या होत्या, हात वाचणार होता. यात चूक काय ते त्यांना दाखवता आले नसते. खिडकीपाशी स्वतः बसून काढलेले महिने त्यांना आठवले. तेव्हा त्यांचेही कुणी काही बिघडवले नव्हते. तरी त्यांना समजेना की जे बरोबर झाले आहे ते पुन्हा थोडे बिघडवणे याला दुरुस्ती म्हणायचे, की त्याच त्या लपवाछपवीची दुसरी फेरी. बराच वेळ ते पाना हातात धरून उभे होते. मग त्यांनी झडपेचा स्क्रू किंचित आवळला, मोटर चालू केली आणि एक पिशवी भरून काट्यावर ठेवली.

“अगं, जरा बाहेर ये.”

काकू आल्या.

“पिशव्या हलक्या पडतायत.”

त्यांनी काट्यावरची पिशवी पाहिली. काटा जरासा वर होता, चिमूटभर गहू कमी. मग त्यांनी झडपेकडे पाहिले, आणि मग नवऱ्याच्या हातातल्या पान्याकडे.

“मुद्दाम केलंत.”

“हो,” मिस्त्री म्हणाले. “मुद्दाम केलंय. लपवत नाही. शेवटची चिमूट तुझीच. पण उजव्या हाताने नाही. डाव्या.”

“डाव्या हाताला काय येतंय! आख्खा जन्म त्यानं नुसतं धरायचं काम केलंय.”

“मग शिकव त्याला.”

“आणि गाडीवाला येईल तोवर?”

“थांबेल गाडीवाला. नाहीतर घालेल मलाच गाडीत.”

काकूंना हसू आले असावे. त्यांनी तोंड वळवले होते, म्हणून नक्की सांगता येत नाही. त्या स्टुलावर बसल्या. पट्टी बांधलेला उजवा हात मांडीवर ठेवला. डावा हात डब्यात घातला, चिमूट उचलली, ती मूठच निघाली. अर्धी परत टाकली. उरलेली पिशवीवर नेईपर्यंत बोटांतून दाणे सुटून जमिनीवर उड्या मारत गेले. काटा खाली गेला. त्यांनी दोन दाणे उचलायचे म्हणून पाच उचलले. काटा वर गेला.

“जास्त झालं, कमी झालं, तुम्ही काही बोलू नका,” त्या मान वर न करता म्हणाल्या.

 चाक पुढच्या फेऱ्याला आले होते. मिस्त्रींनी हात लांब करून मोटर बंद केली आणि काटा सरळ होण्याची वाट पाहत उभे राहिले.